काही महिने जिनसेंग घेतलं, त्याचा हिशेब

निकाल आधीच सांगून टाकते. अंगात तरतरी आली का? थोडी आली. ती जिनसेंग या चिनी-कोरियन औषधी मुळीमुळे आली की त्याच काळात वेळेवर झोपायला लागले म्हणून, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पुन्हा घेईन का? घेईन, पण काचेच्या पेटीतली महागडी मुळी नाही.

आम्ही सिंगापूरला राहतो. डेंगी होऊन गेला तरी अशक्तपणा हटेना. जिना चढला की पाय भरून यायचे, दुपारच्या मीटिंगमध्ये पापण्या जड व्हायच्या. रक्ताचे रिपोर्ट सगळे ठीक. तेव्हा ऑफिसातल्या एका चिनी मैत्रिणीने कोरियन लाल जिनसेंगच्या अर्काची बाटली हातात ठेवली. काकवीसारखा दाट, काळपट, मातकट कडू. लहान चमचाभर कोमट पाण्यातून घ्यायचा. पहिले काही दिवस खरंच हुशारी वाटली. मग तोंड आलं, रात्री टक्क जाग, कानशिलं गरम. आईला फोनवर सांगितलं तर तिचं एका वाक्यात निदान: "उष्ण पडलं तुला."

इथल्या नोंदणीकृत चिनी वैद्यांकडे गेले तर त्याही तेच म्हणाल्या. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि 'ची' कमी आहे म्हणाल्या. 'ची' म्हणजे त्यांच्या शास्त्रातली शरीर चालवणारी शक्ती. उष्ण-थंडाचा हिशेब मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, त्यामुळे पुढचं संभाषण सोपं झालं. ताजी मुळी वाफवून वाळवली की ती तपकिरी आणि शिंगासारखी टणक होते, तेच लाल जिनसेंग. ते गरम. हातपाय गार पडलेल्या, खंगलेल्या माणसाला द्यायचं. न वाफवता वाळवलेलं पांढरं त्याहून सौम्य. आणि मला त्यांनी लिहून दिलं ते अमेरिकन जिनसेंग, थंड प्रकृतीचं. इथे त्याला 'ह्वाची शेन' म्हणतात.

अमेरिकन मुळी चिनी औषधात कशी, हा प्रश्न मलाही पडला होता. जार्तू नावाच्या जेझुइट पाद्र्याने 1711 साली चीनहून पाठवलेल्या पत्रात ही वनस्पती वर्णन केली आणि अशी झाडं असलीच तर कॅनडात असतील असा तर्क मांडला. ते वाचून लाफितो नावाच्या दुसऱ्या पाद्र्याने माँट्रियलजवळ मोहॉक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या मदतीने 1716 मध्ये तिची बहीण, म्हणजे अमेरिकन जिनसेंग, शोधून काढली. पुढे 1784 मध्ये न्यूयॉर्कहून चीनमधल्या कँटन बंदराला गेलेल्या 'एम्प्रेस ऑफ चायना' जहाजात सुमारे 30 टन जिनसेंग होतं. आज मी पाण्यात टाकते त्या चकत्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या शेतातल्या आहेत.

वापरायची रीत अशी. चार-पाच चकत्या झाकणाच्या चिनी मातीच्या भांड्यात पाणी घालून ठेवायच्या, ते भांडं मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात, आणि मंद आचेवर तासभर. थेट आचेवर उकळायचं नाही. पाणी फिकट पिवळं होतं. पहिला घोट कडू, गिळल्यावर मात्र घशाशी गोडसर चव रेंगाळते. मऊ झालेल्या चकत्या टाकून द्यायच्या नाहीत, चावून खायच्या. इथले लोक कोंबडीच्या सुपातही घालतात. ते सूप मला काढ्यापेक्षा जास्त आवडलं. पथ्य दोनच, पण जाचक. मुळा नाही, कारण मुळ्याने 'ची' उतरते म्हणे. आणि जिनसेंगबरोबर चहा नाही. मी काढा सकाळी अनशापोटी आणि चहा बऱ्याच वेळाने, अशी तडजोड केली. चहा सोड म्हणाल्या असत्या तर जिनसेंगच सोडलं असतं.

महिन्या-दीड महिन्याने दुपारची झोप कमी झाली. तोंड आलं नाही. याहून मोठा चमत्कार काही घडला नाही, आणि ज्यांना घडला त्यांच्या जाहिराती मी वाचल्या आहेत.

काचेच्या पेटीतल्या मुळीच्या किमतीचं कोडं मात्र चीनला गेल्यावर सुटलं. नवऱ्याचं सप्टेंबरात चांगछुनला काम होतं, तिथून आम्ही जीलिन प्रांतातल्या फूसोंगला गेलो. वानल्यांगच्या बाजारात शेतकरी ताजं, मातीने माखलेलं जिनसेंग किलोवर विकत होते. डोंगरउतारावर प्लास्टिकच्या कमानींखाली वाफे, कारण या झाडाला थेट ऊन सोसत नाही. मूळचं ते जंगलातल्या सावलीतलं. बी रुजायला नैसर्गिकरीत्या दीड वर्षाच्या आसपास लागतं. पहिल्या वर्षी तीन पानं, मग पाच पानांचा एक पंजा, मग पंजे वाढत सहापर्यंत. त्या भागात खोदणारे प्रत्येक पायरीला वेगळं नाव देतात. दोन पंज्यांचं रोप वेगळं, तीनचं 'दीपमाळ' या अर्थाच्या नावाचं. शेतातली मुळी चार ते सहा वर्षांनी निघते. आणि एकदा पीक घेतलं की त्या मातीत पुन्हा जिनसेंग लावलं तर मुळं कुजतात. दहा-दहा, कुठे तीस वर्षं जमीन सोडावी लागते. म्हणून पूर्वी नवं नवं जंगल तोडून लावत गेले. आता त्यावर बंधनं आली आहेत.

रानातल्या मुळीची गोष्टच निराळी. सापडली की तिला लाल दोरा बांधतात, हरणाच्या हाडाच्या सुळ्याने एकेक तंतू मोकळा करतात आणि शेवाळात गुंडाळून झाडाच्या सालीत बांधतात. दुकानात लाल मखमलीवर तंतू पसरून टाचलेल्या मुळ्या पाहिल्या. डोक्याकडच्या मानेवर दरवर्षी गळालेल्या देठाचा एकेक व्रण असतो, त्यावरून वय मोजतात. विक्रेत्याने भिंगातून मला तो दाखवला आणि किंमत सांगितली. आम्ही हसून पुढे गेलो. तिथे पैसा वयाचा, आकाराचा आणि अखंड तंतूंचा असतो. औषधी मानल्या जाणाऱ्या जिनसेनोसाइड्स या घटकांचं प्रमाण मात्र जाड बुंध्यापेक्षा बारीक तंतुमुळांत जास्त असतं, आणि तीच सगळ्यात स्वस्त! त्या दिवसापासून मी तंतूंचीच पुडी आणते. सुपात काही फरक कळत नाही, फक्त कडवटपणा किंचित वाढतो.

ठाण्याला सासूबाईंना हे कळल्यावर त्यांनी सासऱ्यांसाठी मागवलं. मी नाही म्हटलं. ते वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेतात, आणि अमेरिकन जिनसेंगने वॉरफरिनचा परिणाम कमी होतो हे तपासून पाहिलेलं आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये, साखर खाली जाऊ शकते. खुद्द चीनने 2012 मध्ये लागवडीचं जिनसेंग खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं तेव्हा दिवसाला 3 ग्रॅमची मर्यादा घातली आणि गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आया व 14 वर्षांखालची मुलं यांना वगळलं. 'नैसर्गिक आहे, काय होतंय' म्हणणाऱ्यांना हे वाचून दाखवावं.

भारतात घेणार असाल तर वेष्टनावर पॅनॅक्स (Panax) हे खऱ्या जिनसेंगचं शास्त्रीय नाव बघा. अश्वगंधेला 'भारतीय जिनसेंग' म्हणून विकतात. अश्वगंधा वांग्याच्या कुळातली, तिचे गुण तिच्यापाशी. 'सायबेरियन जिनसेंग'ही पॅनॅक्स नव्हे. कॅप्सूलमध्ये नेमकं काय आणि किती भरलंय ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी चकत्या किंवा तंतूच घेते. दमट हवेत त्यांना लगेच कीड लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा.