आठ फुटी फायबरची शिडी: वापरून पाहिल्यानंतर

मी पुण्यात वायरिंगची कामं घेतो. पंखे, फॉल्स सीलिंगमधले दिवे, जुन्या वाड्यांतली फिटिंग, सोसायट्यांच्या जिन्यातल्या ट्यूब. दिवसाचा बराचसा वेळ शिडीवरच जातो. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर रविवार पेठेत बोहरी आळीतून आठ फुटी फायबरची शिडी आणली, जिला दुकानदार एफआरपी म्हणतात. आता ती सगळ्या तऱ्हेच्या कामांत वापरून झाली आहे, म्हणून लिहितो. कंपनीचं नाव देत नाही, कारण मी जे पारखून घेतलं ते कुठल्याही कंपनीच्या शिडीला लागू पडतं.

लोक दुकानात गेले की आधी उंची विचारतात, मग भाव. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: या शिडीवर कोण चढणार आणि वर जाऊन कशाला हात लावणार? बहुतेक घरांत शिडी विकत घेणारा एक आणि तिच्यावर चढणारा दुसराच असतो. घरकामाच्या मावशी, वॉचमन, पेंटर, नाहीतर आमच्यासारखा वायरमन. घेणाऱ्याने चार पैसे वाचवले तर पडायची पाळी चढणाऱ्यावर येते.

ही शिडी साडेनऊ हजारांना पडली, पक्क्या बिलासह. तेवढ्याच उंचीची अ‍ॅल्युमिनियमची साडेपाचच्या आसपास मिळत होती. चार हजार जास्त कशाचे दिले, ते सांगतो.

शनिवार पेठेतल्या एका वाड्यात पंखा बदलायचा होता. छत बारा फुटांवर, वायरिंग लाकडी पट्टीतलं, पन्नासेक वर्षांपूर्वीचं. काकूंनी बटण बंद केलं, "बंद आहे हो," म्हणाल्या. वर जाऊन सीलिंग रोजला, म्हणजे छतावरच्या वायर जोडायच्या गोल डबीला, टेस्टर लावला तर लखकन पेटला. जुन्या फिटिंगमध्ये हे सर्रास सापडतं. कोणीतरी कधीतरी बटण फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या, वायरऐवजी परतीच्या न्यूट्रलवर घातलेलं असतं, त्यामुळे बटण बंद केल्यावर पंखा थांबतो, पण वरच्या टोकांवर २३० व्होल्ट तसेच उभे असतात. मी मेन स्विच काढूनच काम करतो, तरी मेन काढल्यावरही टेस्टर लावल्याशिवाय वायरला बोट लावत नाही. अशा ठिकाणी पायाखाली अ‍ॅल्युमिनियम असेल तर शिडीच करंटला जमिनीपर्यंत वाट करून देते. फायबरच्या दांड्यातून ती वाट मिळत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बहुतेक एफआरपी शिड्यांच्या पायऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्याच असतात. फायबरचे असतात ते उभे दांडे, काचेचे धागे आणि रेझिन यांचे. पायरी पायरीला कुठेही जोडलेली नसते, मधे दांड्याचा फायबर येतो, म्हणून करंट खाली उतरत नाही. पण हे दांडा कोरडा आणि स्वच्छ असेपर्यंतच खरं. पावसात भिजलेली, सिमेंटच्या चिखलाने किंवा ग्राइंडरच्या लोखंडी धुळीने माखलेली फायबरची शिडी घेऊन कोणी निर्धास्तपणे लाइव्ह वायरला हात घालत असेल तर त्याने शिडीवर नको तेवढा भरवसा टाकला आहे. मी काम संपलं की दांडे ओल्या फडक्याने पुसून कोरडे करतो.

शिवाय शिडीवर शॉकचा धोका दोन बाजूंनी येतो. जमिनीवर उभ्या माणसाला जो चटका नुसता हात झटकायला लावतो, तोच शिडीवरच्या माणसाला खाली पाडतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असेल तर तो करंट तोडेल, पण दचकून गेलेला तोल तो सावरू शकत नाही. म्हणून मेन काढणं ही पहिली गोष्ट, शिडी दुसरी.

आता दुकानाबद्दल. बोहरी आळीत पाय ठेवायला जागा नसते, हातगाड्या आणि टेम्पो यांच्यातून वाट काढत जावं लागतं. तरी ज्या दुकानदाराने आतले पाइप बाजूला सारून शिडी पूर्ण उघडून दिली आणि "चढून बघा" म्हटलं, त्याच्याकडूनच मी घेतली. जो बांधलेली शिडी भिंतीला टेकवूनच दाखवतो, त्याच्याकडून घेऊ नका. सपाट फरशीवर उघडायची, मधल्या लॉकपट्ट्या दोन्ही बाजूंनी पूर्ण खाली दाबायच्या आणि आधी चारही पाय जमिनीला टेकतात का ते बघायचं. एक पाय केसभर उचललेला असेल तर तो दोष घरी येऊन जात नाही. मग दुसऱ्या पायरीवर उभं राहून कंबर डावी-उजवीकडे हलवायची. थोडी लवचीकता चालते, पण दांडे एकमेकांविरुद्ध पिळले जात असतील तर ती शिडी ठेवून द्या. पायरी आणि दांडा जिथे जुळतो तिथे खालून बोट फिरवा, रिव्हेट घट्ट बसलेले आहेत की कडेला फट आहे ते हाताला लगेच कळतं. मला दाखवलेल्या पहिल्या शिडीची तिसरी पायरी हाताने पिळल्यावर कुरकुरत होती. दुकानदाराने वाद न घालता दुसरी काढली.

वजनाचा आकडाही वाचा. माझ्या शिडीवर १३६ किलो लिहिलं आहे. हा अडनिडा आकडा अमेरिकेच्या ३०० पौंडांवरून आला आहे. युरोपच्या ईएन १३१ या मानकाप्रमाणे बनवलेल्या शिडीवर १५० किलो दिसेल. आपल्याकडे आयएस ३६९६ आहे, तिचा दुसरा भाग खास शिड्यांचा आहे, पण तिचं नाव घेणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही. आकडा कुठलाही असो, त्यात माणसासोबत त्याच्या अंगावरचं आणि हातातलं सगळं धरलेलं असतं. माझं वजन ७८, कमरेच्या पट्ट्यात पाच-सहा किलोची हत्यारं, हातात मोटरसकट पंखा चार-पाच किलोचा, म्हणजे नव्वदीच्या घरात गेलो. घरगुती शिडीवर आकडाच छापलेला नसेल तर ती घेऊ नका. "हेवी ड्यूटी" या शब्दांना काही वजन नाही.

वापरात उत्तम काय? स्थिरता. पंख्याची दांडी हुकात अडकवताना दोन्ही हात वर लागतात, त्या वेळी मांड्या वरच्या पायरीला टेकवून उभं राहता येतं आणि शिडी डुलत नाही. पायऱ्या रुंद, तीन इंचांच्या. गोल पाइपच्या पायरीवर अर्धा तास उभं राहिलं की तळपायाला कळ लागते, इथे तसं होत नाही. पायऱ्या दोन्ही बाजूंना आहेत, हेही मी मुद्दाम बघून घेतलं. एकाच बाजूने पायऱ्या असलेल्या शिडीला मागे ज्या आडव्या पट्ट्या असतात त्या आधारासाठी असतात, चढण्यासाठी नव्हे. साइटवर पोरं घाईत त्यांच्यावर पाय देतात. माझ्याकडे नवीन आलेल्या पोराला मी हेच पहिल्यांदा शिकवतो. आणि वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही, मग काम चार इंचांसाठी अडलं तरी चालेल. खाली उतरा, मोठी शिडी आणा. कमरेच्या पट्ट्याचं बकल दोन्ही दांड्यांच्या आतच राहिलं पाहिजे. ते दांड्याबाहेर गेलं की समजायचं, शिडी सरकवायची वेळ झाली.

आता तक्रारी. वजन बारा-तेरा किलो, अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ दीडपट. आठ फुटी शिडी सोसायटीच्या लहान लिफ्टमध्ये तिरकी करूनही बसत नाही. पाचव्या मजल्यावर काम असलं की जिन्याने न्यावी लागते आणि प्रत्येक वळणावर भिंतीचा रंग सांभाळावा लागतो. एकट्या माणसाने रोज वाहायची ही वस्तू नाही. फ्लॅटमधलीच कामं करणाऱ्याने सहा फुटी घ्यावी, नऊ-साडेनऊ फुटांच्या छताला ती पुरते.

दुसरी तक्रार उन्हाची. फायबरला ऊन खातं. वरचं रेझिन झिजलं की काचेचे बारीक धागे उघडे पडतात आणि तळहातात शिरतात, दिसत नाहीत पण दिवसभर खाज सुटते. माझी शिडी ओम्नीच्या कॅरिअरवर असते, म्हणून वर ताडपत्री बांधतो. सध्या वरच्या टोकाला चमक थोडी गेली आहे, धागे निघालेले नाहीत. लाकडी किंवा बांबूच्या शिडीला, आणि फायबरलासुद्धा, ऑइल पेंट मारू नका. रंगाखाली तडा झाकला जातो आणि चढणाऱ्याला तो दिसत नाही.

हे सगळं वाचून कोणी घरासाठी फायबरची आठ फुटी आणायला निघाला असेल तर थांबा. घरात त्याची गरज नाही. माळ्यावरचे डबे, पडदे, पंखा पुसणं यासाठी चार किंवा पाच पायऱ्यांची, वर मोठा प्लॅटफॉर्म आणि त्याच्याही वर गुडघे टेकवायला कठडा असलेली अ‍ॅल्युमिनियमची शिडी घ्या. पाच पायऱ्यांवर प्लॅटफॉर्म जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास येतो. सव्वापाच फुटी बाईचा हात वर केला की साडेसहा फुटांपर्यंत जातो. बेरीज सव्वादहा फूट. फ्लॅटच्या छताला हात लागतो, मग सात पायऱ्यांची घेऊन ठेवायची कुठे? पण तिच्यावर चढून दिव्याचं होल्डर उघडायचं नाही. बल्ब बदलायचा तर बटण नाही, मेन बंद करायचा.

स्टूलवर पाट, पाटावर डबा हे प्रकार दिवाळीच्या साफसफाईत मी दर वर्षी बघतो, आणि बघून पोटात खड्डा पडतो. माझ्या ओळखीचा एक पेंटर जेमतेम चार फुटांवरून पडला, टाचेचं हाड मोडलं. हातात कला असलेला माणूस, आता त्याला फार वेळ उभं राहता येत नाही. दहा फुटांवरून पडलं तरच लागतं असं कोणी समजू नये.

आकाशकंदिलाबद्दल हात जोडून सांगतो. बाल्कनीचा कठडा साडेतीन फुटांचा असतो. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढलात की तोच कठडा तुमच्या गुडघ्याच्या जरा वर येतो, म्हणजे तो तुम्हाला अडवायला नसल्यातच जमा. सातव्या मजल्यावर लोक असे उभे राहून बाहेर वाकून कंदील टांगतात. ग्रिल नसलेल्या बाल्कनीत कठड्यालगत शिडी लावूच नका. मी गिऱ्हाइकांना छताला आतल्या बाजूला हुक आणि एक छोटी कप्पी बसवून देतो, काम वीस मिनिटांचं. मग कंदील जमिनीवर उभं राहून दोरीने वर ओढायचा. आपले आजोबा बांबूवर कंदील असाच चढवायचे.

गच्चीवर जायला भिंतीला टेकवायची सरळ शिडी असेल तर उंचीच्या चौथा हिस्सा पाय भिंतीपासून लांब ठेवायचे, बारा फुटांना तीन फूट. मोजपट्टी नसेल तर शिडीच्या पायांना चवडे लावून ताठ उभे राहा आणि हात समोर सरळ करा. तळवे पायरीवर अलगद टेकले तर कोन बरोबर आहे. वरचं टोक गच्चीच्या काठाच्या तीन फूट वर हवं आणि दोरीने बांधलेलं हवं, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी असतं. आसपास महावितरणची ११ केव्हीची लाइन असेल तर अ‍ॅल्युमिनियमची शिडी तिथे उभी करायचाच विचार सोडा. त्या वायरला शिडी लागावीच लागते असं नाही, नुसती जवळ गेली तरी करंट उडी मारतो. आंबे उतरवताना हे विशेष लक्षात ठेवा.

टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकून मिटणारी, शिडी डिकीत मावते म्हणून हल्ली गिऱ्हाईक तिच्याबद्दल फार विचारतात. प्रत्येक टप्प्याचं लॉक दोन्ही बाजूंनी बसल्याचा आवाज ऐकूनच चढा, मिटताना बोटं दांड्यांच्या मधे येऊ देऊ नका. विजेच्या कामाला ती चालत नाही, तीही अ‍ॅल्युमिनियमचीच.

माझ्या शिडीचे रबरी बूट मी पहिल्या वर्षातच बदलले. रबर झिजून गुळगुळीत झालं की व्हिट्रिफाइड टाइलवर शिडी हळूच मागे सरकते, वर उभ्या माणसाला ते कळतही नाही. दर महिन्याला शिडी आडवी पाडून बुटांची नक्षी बघायची, नखाने उकरून अडकलेले खडे आणि रंगाचे थर काढायचे. याच दुकानात त्या शिडीला बसणारे बूट सुटे मिळाले, चारांचा संच साडेतीनशेला. ऑनलाइन स्वस्त शिडी घेणाऱ्या दोघांना मी ते शोधून द्यायचा प्रयत्न केला, त्या मापाचे मिळालेच नाहीत. शिडी घेतानाच सुटे बूट आहेत का विचारा, आणि एक जादा संच बिलात टाका.