कात्रजचं पाणी कुठे शोधायचं? आर्काइव्ह, शोधगंगा की जेस्टोर

समजा, तुमचा विषय पेशवेकालीन पुण्याचा पाणीपुरवठा आहे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात कात्रजहून शहरात आणलेलं पाणी, भुयारी नळ, पेठांमधले हौद. तुम्ही एम.ए.चे विद्यार्थी असाल किंवा निवृत्तीनंतर इतिहासाचा नाद लागलेले वाचक, घरबसल्या साहित्य मिळवायला पर्याय भरपूर आहेत. अडचण निवडीची आहे, कारण एकाच विषयावर प्रत्येक ठिकाणी वेगळ्याच जातीचा मजकूर हाती लागतो.

पहिला पर्याय इंटरनेट आर्काइव्ह, म्हणजे पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती ठेवणारी साइट. जुनं छापील पुस्तक मूळ स्वरूपात हवं असेल तर याला तोड नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे १८८५ साली निघालेले पुणे जिल्ह्याचे भाग इथे आहेत आणि शहराच्या पाणीव्यवस्थेचं वर्णन त्यांत आहे. गोविंद सखाराम सरदेसायांनी पेशवे दप्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांतून, निवडून छापलेले ४५ खंडही इथे शोधावेत. स्वामित्वहक्क संपलेलं पुस्तक उतरवून घ्यायला खातं लागत नाही, पैसेही नाहीत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा हक्क राहतो. म्हणजे १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचं लेखन २०११ पासून मुक्त झालं. ज्यांच्या मृत्यूला अजून ६० वर्षं झालेली नाहीत अशा लेखकांचं पुस्तक तिथे दिसलं, तरी ते तिथे असणं कायदेशीर असेलच असं नाही.

आता तक्रारी. मराठी पुस्तकांचा मोठा साठा तिथे आला तो डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या बंद पडलेल्या सरकारी प्रकल्पातून, आणि नोंदी करणाऱ्यांनी मराठी नावं रोमन लिपीत मनाला येईल तशी लिहिली आहेत. देवनागरीत शोधून काही सापडलं नाही म्हणून पुस्तक नाहीच, असं समजू नका. नावाचं रोमन स्पेलिंग तीनचार तऱ्हांनी टाकून बघा, नुसतं आडनाव टाका, प्रकाशनाचं साल टाका. पानं गाळलेली, तिरकी आलेली, मधल्या घडीत अक्षरं बुडालेली असतात. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील तर दोन्ही उतरवून घ्या. एकीत नसलेलं पान कधी कधी दुसरीत मिळतं. आणि कामाचं पुस्तक नुसतं खूण करून ठेवू नका, आपल्याकडे साठवा. ऑक्टोबर २०२४ मधल्या सायबर हल्ल्यानंतर ही साइट काही दिवस बंदच होती.

शोधगंगेचं काम वेगळं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात भारतीय विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध आहेत, वाचायला खातं लागत नाही. प्रबंध एकसंध मिळत नाही, प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ असते. माझा सल्ला असा, की आधी शेवटची फाइल उघडा, संदर्भसूचीची. कुणीतरी वर्षानुवर्षं घासून जमवलेली यादी आयती मिळते, आणि ती यादी घेऊन आर्काइव्हवर गेलात की वरचा निम्मा त्रास वाचतो. प्रबंधाच्या मजकुराबाबत मात्र सावध राहा. उत्तम प्रबंध आहेत, तसे दुसऱ्याच्या तळटीपा न तपासता उचललेलेही आहेत. सनावळी प्रबंधातून घेऊ नका, त्याने सांगितलेलं मूळ साधन उघडून घ्या. मराठीतले जुने प्रबंध बरेचदा स्कॅन केलेली चित्रं असतात किंवा युनिकोडपूर्व, म्हणजे आजच्या संगणकांना न ओळखता येणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. त्यांच्या आत शब्द शोधता येत नाही, डोळ्यांनीच चाळावे लागतात.

जेस्टोर हा अभ्यास-नियतकालिकांतल्या लेखांचा ऑनलाइन साठा, त्यावर मराठी साहित्य जवळजवळ नाहीच. तिथे जायचं ते अभ्यासकांची चर्चा वाचायला. मराठा राज्यावरचे इंग्रजी नियतकालिकांतले लेख, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक तिथे मिळतात. वैयक्तिक खातं फुकट उघडता येतं आणि ३० दिवसांत १०० लेख पडद्यावर वाचता येतात, फक्त उतरवून घेता येत नाहीत. हौशी वाचकाला एवढं पुष्कळ झालं, वर्गणीच्या फंदात पडू नका. शोध इंग्रजीत, तोही जुन्या स्पेलिंगने करा. पुण्याऐवजी ‘पूना’ टाकलं की निकालांचा रंगच बदलतो. अनेक नियतकालिकांचे शेवटच्या तीनपाच वर्षांचे अंक नसतात, हे ध्यानात ठेवा.

आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी नावाने भारदस्त आहे, पण बऱ्याच वेळा ती दुसरीकडची वाट दाखवते, आणि तिथे गेल्यावर कुलूप असतं. शालेय पाठ्यक्रमासाठी किंवा स्पर्धा परीक्षेसाठी ठीक. अशा इतिहासशोधाला मी ती शेवटी उघडेन.

विद्यार्थ्यांनी मात्र वर्गणीचा विचार करण्याआधी ग्रंथपालांना गाठावं. महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटचीच एन-लिस्ट योजना आहे, तिच्यात हजारो नियतकालिकं येतात. कॉलेज सभासद असूनही मुलांना लॉगिन ठाऊक नसतं, हे चित्र नवं नाही. सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधन-नियतकालिकांची केंद्र सरकारी सामायिक वर्गणीही मिळाली आहे.

एकच पर्याय निवडायचा झाला तर मराठी विषयाला मी आर्काइव्ह निवडेन, आणि सुरुवात तरीही शोधगंगेच्या एखाद्या संदर्भसूचीने करेन. विषय आधुनिक समाजाचा किंवा अर्थकारणाचा असेल तर हा क्रम उलटतो, तिथे जेस्टोर आधी.

कात्रजच्या बाबतीत या सगळ्यानंतरही एक मोठा भाग उरतोच. सरदेसायांचे ४५ खंड म्हणजे दप्तरातली निवड. न छापलेले कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले आहेत, बहुतेक मोडी लिपीत. नळाच्या दुरुस्तीला किती खर्च आला, गवंडी कोण होते, हे विचारायचं असेल तर तिथे रीतसर अर्ज करून बसावं लागेल, आणि मोडी आधी शिकावी लागेल.