मॉलिक्यूल मॉडेल किट: तेलाला भारी, माशाला अर्धवट

मालवणात अकरावी-बारावीचे क्लासेस घेते, बायोमॉलिक्यूल्सचा धडा आला की पोरं सरळ पाठांतराच्या मागे लागतात, म्हणून हे बॉल (म्हणजे अणू) आणि काड्यांचं (म्हणजे त्यांच्यातल्या जोडण्या) किट ऑनलाइन मागवलं. ६५० रुपये. एका डब्यात काळे कार्बन २४, पांढरे हायड्रोजन ४०, लाल ऑक्सिजन १२, निळे नायट्रोजन ६, आणि डबल बॉन्डसाठी, म्हणजे दुहेरी जोडणीसाठी, वाकणाऱ्या लांब काड्या. प्लास्टिक चांगलं आहे, फक्त नवीन असताना काड्या इतक्या घट्ट बसतात की काढताना बोटं दुखतात.

फॅटसाठी मात्र पैसे वसूल. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक अ‍ॅसिड असतं, १२ कार्बनची सरळ साखळी, ती बनवून टेबलावर ठेवली आणि शेजारी दुसऱ्या डब्यातून १८ कार्बनचं ओलिइक ठेवलं, त्यात मधे डबल बॉन्ड असल्याने साखळी तिथे वाकते. मग पोरांना दिलं, घ्या, चिकटवून रचून दाखवा. सरळवाल्या नीट बसतात, वाकड्या बसतच नाहीत. थंडीत सकाळी खोबरेलाची बाटली थिजते आणि शेंगदाण्याचं तेल आपलं वाहतंच राहतं ते का, हे परत सांगावं लागलं नाही. एकाने लगेच विचारलं, मॅडम मग टाचांना लावायचं कोकमतेल मे महिन्यातपण घट्ट कसं? त्यात स्टिअरिक अ‍ॅसिड भरपूर, सरळच पण १८ कार्बनचं, साखळी लांब म्हणून वितळायला उष्णता जास्त लागते. तीन लॉरिक ३ कार्बनच्या ग्लिसरॉलला जोडून पूर्ण फॅट दाखवायचं तर कार्बनच ३९ लागतात, म्हणजे दोन डबे घ्या, हे डब्यावर कुठेच लिहिलेलं नाही.

साखरेलाही ठीक. दोन ग्लुकोज जोडून मधून पाण्याचा एक रेणू काढता येतो, आणि पहिल्या कार्बनवरचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) खाली ठेवला तर स्टार्चची जोडणी, वर ठेवला तर सेल्युलोजची, एवढ्याशा फरकाने भात आपल्याला पचतो आणि पेंढा पचवायला गुरांच्या पोटातले बॅक्टेरिया लागतात.

आता तक्रार. नायट्रोजनच्या गोळ्याला काड्या खोचायची भोकं तीनच, म्हणजे जोडण्याही तीनच!! युरिया होतो, जर्मन शास्त्रज्ञ व्होलरने १८२८ मध्ये प्रयोगशाळेत बनवला तो, आणि मोरीच्या (लहान शार्क माशाच्या) मांसातपण भरपूर असतो, शिळी मोरी अमोनियासारखी वास मारते ती त्याच्यामुळेच. पण बांगड्याच्या वासाकडे आलो आणि किट अडलं. ताज्या समुद्री माशात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं, मासा मेल्यावर बॅक्टेरिया त्यातला ऑक्सिजन काढतात आणि उरतं ते ट्रायमिथाइलअमाइन, म्हणजेच तो वास. उरलेलं बनतं, नायट्रोजनला तीन मिथाइल (एक कार्बन आणि त्याला तीन हायड्रोजन), झालं. पण आधीचं, ऑक्सिजनवालं बनतच नाही, चौथं भोक नको का! आणि आपण कोकमाचं आगळ किंवा लिंबू चोळतो तेव्हा आंबटातला हायड्रोजन नेमका त्या नायट्रोजनला जाऊन बसतो, त्याचा क्षार होतो, क्षार हवेत उडत नाही म्हणून वास कमी येतो. तेही दाखवता येत नाही. अमिनो अ‍ॅसिडची तीच गत, पेशीत त्याच्या नायट्रोजनवर बहुतेक वेळा हायड्रोजन तीन असतात, कार्बन धरून चार जोडण्या. प्रोटीन शिकवायला घेतलेल्या किटमध्ये हे चालत नाही.

मी शेवटी घरच्या ड्रिलने दोन नायट्रोजनना चौथं भोक पाडलं, कोन थोडा चुकलाय पण काम होतं. विक्रेत्याला विचारलं तर त्याने 'गोळा बदलून मिळेल' म्हणून सांगितलं आणि परत तसाच तीन भोकांचा पाठवला, त्यात पावसात कुरिअरवाला कणकवलीच्या पुढे यायला नखरे करतो ते वेगळंच.

फॅट आणि साखरेपुरतं हवं असेल तर बिनधास्त घ्या. प्रोटीनही करायचं असेल तर फोटो झूम करून निळ्या गोळ्याची भोकं मोजा, चार असली तरच पैसे टाका. पाचपैकी तीन स्टार.