टॉल फेस्क्यूचं बी: पिशवी उलटी करून घ्या

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले-केरी भागात घर असेल आणि अंगणात मुलं खेळणार असतील, तर लॉनसाठी टर्फ-टाइप टॉल फेस्क्यू, म्हणजे या गवताचा लॉनसाठीचा बारीक पानांचा प्रकारच घ्या. आम्ही गावातल्या बियाण्याच्या दुकानातून तीन वाणांचं मिश्रण आणतो. मोठ्या स्टोअरच्या पिशवीपेक्षा महाग पडतं, पण पैसे वसूल होतात.

माझे वडील निफाडला कांदा-द्राक्षं करतात. बियाण्याची पिशवी उलटी करून मागचं वाचल्याशिवाय त्यांनी कधी पैसे दिले नाहीत. मीही तेच करते. पुढच्या हिरव्यागार फोटोला काही अर्थ नाही, खरी माहिती मागच्या लेबलवर असते. उगवण किती टक्के, चाचणी कोणत्या महिन्यातली, तणाचं बी किती आणि ‘इतर पीक’ किती. हा शेवटचा आकडा लोक सोडून देतात. त्यात ऑर्चर्डग्रास हे चाऱ्याचं गवत असलं, तर लॉनमध्ये फिकट, जाड ठोंब उगवतात. फेस्क्यूला धक्का न लावता तेवढंच मारणारं औषध नाही, खुरप्यानेच काढावं लागतं. काही पिशव्यांत तर निम्मं वजन बियावरच्या लेपाचं असतं. आमच्या मिश्रणात लेप नाही, ‘इतर पीक’ जवळजवळ शून्य.

स्वस्तात केंटकी ३१ हे टॉल फेस्क्यूचं जुनं वाण मिळतं. १९३१ साली केंटकीतल्या मेनिफी काउंटीत एका डोंगरउतारावर हे गवत सापडलं, १९४३ मध्ये वाण म्हणून बाजारात आलं. चिवट आहे यात वाद नाही, पण पान रुंद आणि रंग फिका. ते कुरणात शोभतं.

टिकाऊपणाची परीक्षा आमच्याकडे रोज संध्याकाळी होते. मॉरिसव्हिलचं चर्च स्ट्रीट पार्क जवळ आहे, तिथले क्रिकेटचे सामने बघून आलेली पोरं घरी आली की लगेच स्टंप ठोकतात. बोलरचा पाय जिथे पडतो तिथली जागा उघडी होते, बाकी गवत तग धरतं. मात्र फेस्क्यू पुंजक्याने वाढतं, हरळीसारखं धावत नाही. मोकळी जागा आपोआप भरत नाही, म्हणून दर सप्टेंबरात फेरपेरणी हवीच. हजार चौरस फुटांना नव्या लॉनसाठी सहा पाऊंड बी, फेरपेरणीला त्याच्या निम्मं पुरतं.

बी कितीही चांगलं असलं तरी इथली तांबडी चिकणमाती विटेसारखी घट्ट होते. भाड्याचं एरेटर फिरवून मातीच्या गुल्ल्या उपसल्या, की बी त्या भोकांत बसतं आणि मुळ्या खोल जातात. माती राज्याच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या, एप्रिल ते नोव्हेंबर फुकट होते. चुना किती टाकायचा ते अहवालातच लिहून येतं. पेरल्यावर वरची माती दिवसातून दोन-तीनदा हलकी भिजवली, तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. वसंतात पेरू नका, कोवळ्या मुळ्या जुलैपर्यंत तयार होत नाहीत.

या गवताची खरी उणीव उन्हाळ्यातली. दमट, उबदार रात्री आल्या की ब्राउन पॅच या बुरशीच्या रोगाचे गोल तपकिरी चट्टे पडतात. उशिरा वसंतात नत्र दिलं तर ते आणखी पसरतात, म्हणून खत सप्टेंबर आणि नोव्हेंबरात, आणि फेब्रुवारीत थोडं. पाणी पहाटे, आठवड्याला इंचभर. कापणी साडेतीन इंचांवर. शेजारी दोन इंचांवर कापतात, त्यांच्याकडे ऑगस्टात क्रॅबग्रास हे तण माजतं.

दिवसभर रखरखीत ऊन असेल आणि पाणी द्यायला जमणार नसेल, तर हरळीच लावा, इथे तिला बर्म्युडा म्हणतात. ती थंडीत पिवळी पडते. फेस्क्यू जानेवारीतही हिरवं राहतं आणि मला त्यासाठीच ते हवं असतं. दुकानात ऑगस्टअखेरीस जा, चाचणीची तारीख यंदाची आहे ना ते बघा. सप्टेंबरच्या मध्यावर चांगली मिश्रणं संपलेली असतात.