जलपर्णीसाठी लोहाराकडचं आठ दात्यांचं दाताळं: घ्यावं का?

देहू-आळंदीच्या घाटांवर इंद्रायणीची सेवा म्हणून जलपर्णी काढायला जी मंडळी उतरतात, त्यांच्या हाती अनेकदा बागेतलं हलकं पत्र्याचं दाताळं दिसतं. या कामाला ते नको. त्यानं पानं ओरबाडली जातात, फुगीर देठ तुटतात आणि मुळांसकट गड्डा पाण्यातच राहून पुन्हा फुटतो. शिवाय दाट थर चौरस मीटरला ३०-४० किलोसुद्धा भरतो. एवढ्या ओझ्याला पत्र्याचे दाते वाकतात.

लोहाराकडून घडवून घेतलेलं दाताळं मात्र घ्याच. १० मिमी सळईचे ८ दाते, प्रत्येक १५ सेंमी लांब आणि आत वळलेला, दोन दात्यांत ५ सेंमी अंतर, ९ फुटी भरीव बांबू. दाते याहून जवळ ठेवले तर मुळ्यांत गाळ अडकून ओढणं जड जातं. दांडा खोबणीत नुसता ठोकू नका, आरपार नटबोल्ट मारून घ्या. बांबू सुकला की आकसतो आणि ऐन ओढताना डोकं नदीत जातं. जोडही बहुतेक वेळा खोबणीपाशीच तुटतो, कारण लोक दाताळ्याची पहार करून गड्डे उचकटतात. ते सरळ ओढण्यासाठी आहे. दाते थराच्या खाली, मुळ्यांत रुतवा आणि सावकाश खेचा. थर मोठा असेल तर आधी लांब दांड्याच्या कोयत्यानं त्याचे दोन-दोन मीटरचे तुकडे करा. प्रवाहाच्या खालच्या अंगाला बांबूचा आडवा तराफा बांधायला विसरू नका. सुटलेला एक तुकडाही पुढच्या घाटावर नवी वसाहत करतो.

सर्वांत मोठी चूक वेळेची. ज्येष्ठात पालख्यांच्या प्रस्थानाआधी घाईघाईनं सफाई होते, तोवर फुलं येऊन बी गाळात पडलेलं असतं आणि ते कित्येक वर्षं जिवंत राहतं. आळंदीची कार्तिकी आटोपली की मार्गशीर्ष-पौषातच, थर सुटासुटा असताना सुरुवात करा. पात्रभर पसरल्यावर हे दाताळं अपुरं पडतं, तिथे यंत्रच लागतं. तणनाशकाचा पर्याय कुणी सुचवला तर नकोच म्हणा: जे पाणी भाविक तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात, त्यात औषध जातं आणि कुजणारा थर उरलासुरला प्राणवायूही खातो.

काढलेला ढीग काठावर ठेवला की पहिल्या पुरात परत नदीत. पूररेषेच्या वर न्या, चिरा, शेणाच्या थरांत रचा. पण या नदीत कारखान्यांचं सांडपाणीही येतं आणि जलपर्णी जड धातू शोषते, म्हणून ते खत भाजीपाल्याला नाही, फुलझाडांनाच.

वीस जणांच्या दिंडीला सहा दाताळी पुरतात. एक ओढणारा असला की वाहून नेणारे दोन लागतातच. खोल पाण्याकडेला गमबूट घालू नका, ते पाण्यानं भरले की पोहणं आणि बाहेर येणं अवघड होतं. लाइफ जॅकेट घाला. हातमोजेही हवेत, कारण थरात साप असतात.