बालपण सांगायचं कुणी: पोरानं की मोठ्यानं?

उपरेपणाची, म्हणजे आपण इथले नाही असं वाटणाऱ्या पोराची, कादंबरी एक तर त्या पोराच्याच तोंडून सांगता येते. मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'मधला (१८८४) पोरगा हक पळालेल्या गुलामाचा, जिमचा, ठावठिकाणा कळवणारं पत्र लिहितो आणि फाडून टाकतो. पळालेल्या गुलामाला मदत करणं पाप, असंच तो शिकलेला; त्यामुळे आता आपण नरकात जाणार, असं त्याला मनापासून वाटतं. त्यानं योग्य तेच केलं हे वाचकाला कळतं, त्याला नाही. सगळी ताकद त्या फटीत आहे.

दुसरी तऱ्हा मोठेपणी मागे वळून बघण्याची. बाराव्या वर्षी बूटपॉलिशच्या कारखान्यात राबलेल्या डिकन्सनं 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (१८६१) तीच घेतली. त्यातला नायक पिप मोठेपणी आपल्या लहानपणच्या खरबरीत हातांची, जाड बुटांची लाज स्वतःच उलगडतो. समज जास्त, पण समजावत बसण्याचा धोकाही (डिकन्स निभावून नेतो, सगळ्यांना जमत नाही). स्वतःचं बालपण वापरणाऱ्याला मी पहिलीच सुचवेन. फक्त पोराला न येणारे शब्द त्याच्या तोंडी घालू नयेत.