भावनांच्या पत्त्यांचा डबा: तीन महिने खेळून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, पाचपैकी साडेतीन स्टार. पहिल्या आठवड्यात लिहिला असता तर दीड दिला असता, महिन्याभराने लिहिला असता तर कदाचित साडेचार, म्हणून मुद्दाम थांबले. घरात खेळणारी मंडळी म्हणजे साडेसहा वर्षांची मुलगी, नुकताच तीन पूर्ण झालेला मुलगा, मी, नवरा आणि अधूनमधून राहायला येणारी आजी, तिचा चष्मा सापडला तर.

डब्यात काय येतं ते पटकन सांगते. ४८ चेहऱ्यांचे पत्ते, ३० प्रसंगांचे पत्ते ज्यावर एकेक चित्र आणि खाली प्रश्न, घडीचा पट, चार सोंगट्या, फासा, हातात घालून बोलवायची एक कापडी बाहुली, 'चांगल्या वागण्याचा' स्टिकर-तक्ता, चार कोरे पत्ते आणि पालकांसाठी पुस्तिका. आमच्या डब्यात फासाच नव्हता. कंपनीला मेल केला तर तीन दिवसांनी 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर आलं, फासा काही आला नाही, शेवटी जुन्या लुडोतला घेतला. नवरा म्हणाला एक डबा आधी त्यांच्या कस्टमर केअरला पाठवायला हवा.

पत्ते मात्र जाड आहेत, धाकट्याने दोन चावले तरी शाबूत आहेत. चित्रं ठीकठाक, 'लाज' आणि 'कंटाळा' हे दोन चेहरे मला अजून वेगळे ओळखू येत नाहीत. आणि पुस्तिकेची मराठी, काय सांगू! 'आपल्या पाल्याच्या भावनांना वैध करा' असं लिहिलंय. माझ्या भावनांना आजवर कुणी वैध केलेलं नाही, फार तर 'कळतंय गं मला' म्हटलंय आणि तेवढ्यावर माझं भागलंय.

आता खरा मुद्दा. पुस्तिकेत सांगितलंय की मोठ्यांनी प्रसंगाचा पत्ता उचलायचा, मुलांना विचारायचं 'याला कसं वाटत असेल? तू काय करशील?' आणि मुलांनी बरोबर चेहरा शोधून द्यायचा. आम्ही पहिले चार दिवस अगदी तसंच केलं. मोठी शाळेत जाते, तिला असल्या गोष्टींची उत्तरं कशी द्यायची ते पक्कं ठाऊक आहे, पत्ता उलटायच्या आतच सुरू, 'त्याला वाईट वाटलं, मी सॉरी म्हणेन, मिठी मारेन, माझं खेळणं देईन'. दहापैकी दहा. आणि त्यानंतर दहा मिनिटांत भावाने तिच्या रंगपेटीला हात लावला म्हणून त्याला असा ढकलला की तो बसकण मारून पडला, आणि तो रडतोय तर ही वरून ओरडतेय, 'सॉरी म्हटलं ना मी!' मी हातातल्या 'वाईट वाटलेल्या' चेहऱ्याकडे बघत बसले. उत्तर पाठ झालेलं, बस्स.

तेव्हाच रिव्ह्यू लिहिला असता तर दीड स्टार आला असता. पण पाचव्या दिवशी नवरा वैतागून म्हणाला, नेहमी मुलांनाच का विचारायचं, आज पत्ते आपण उचलू. मी उचलला त्यावर एक बाई तोंड उघडून ओरडतेय असं चित्र होतं आणि खाली प्रश्न, 'असं तुमच्या घरी कधी झालं?' झालं म्हणजे काय, त्याच सकाळी झालं होतं, मोजा सापडत नव्हता त्यावरून. मग मी सांगितलं की हो, सकाळी मी ओरडले, मला उशीर होत होता, भीती वाटत होती की सगळं चुकणार, आणि राग मात्र तुझ्यावर काढला, तो मोजा मीच धुवायला टाकलेला होता. मोठी एकदम गप्प. मग तिने चेहऱ्यांच्या गठ्ठ्यातून राग नाही, दुःख नाही, 'भीती' काढला आणि माझ्यासमोर ठेवला, आणि म्हणाली की तुझा आवाज मोठा झाला की माझ्या पोटात गोळा येतो. आणि लगेच पुढच्या सेकंदाला, 'आता फासा माझा!' म्हणजे फार काही हळवं वगैरे झालं नाही. पण त्या चार दिवसांत तिने दिलेल्या साऱ्या बरोबर उत्तरांपेक्षा हे एक उत्तर मला जास्त खरं वाटलं, कारण ते कुठल्याही पत्त्यावर लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम, पत्ता मोठ्यांनी आधी उचलायचा आणि स्वतःचं खरं सांगायचं, मुलांना वाटलं तर सांगतील, नाहीतर पुढे. डबा कामाचा झाला तो इथून. पुस्तिकेत हे कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून एक स्टार तिथेच कापला.

पट हा डब्यातला सगळ्यात भारी भाग. सगळ्यांनी मिळून चार सोंगट्या घरी पोचवायच्या, फाशावर काळा ठिपका आला की पावसाचा ढग एक घर पुढे येतो (लुडोच्या फाशात आम्ही सहा म्हणजे ढग असं ठरवलंय), ढग आधी पोचला तर सगळेच हरले. असे मिळून जिंकायचे खेळ काही आजचे नाहीत, जर्मनीच्या हाबा कंपनीचा 'ओब्स्टगार्टन' १९८६ पासून आहे, त्यात कावळा बागेत पोचायच्या आत सगळ्यांनी मिळून झाडावरची फळं काढायची असतात. आमच्या मोठीला पहिल्या दिवशी हे पचलंच नाही. आम्ही जिंकलो, टाळ्या वाजवल्या, आणि ती म्हणाली, 'हो पण जिंकलं कोण?' सगळे जिंकलो म्हटल्यावर तोंड असं केलं की तो चेहरा ४८ पत्त्यांत नाहीये.

याचा एक तोटा पण आहे आणि तो कुणी रिव्ह्यूत लिहीत नाही. मिळून खेळायचं म्हटलं की घरातलं सगळ्यात चलाख माणूस बाकीच्यांची सोंगटी पण स्वतःच चालवतं. मोठी धाकट्याचा हात धरून सोंगटी सरकवायला लागली, तो चिडला, पट उधळला. आता आम्ही असं ठरवलंय की दुसऱ्याच्या पाळीत फक्त एवढंच विचारायचं, 'मदत हवीये का?' आणि 'नको' म्हटलं तर हात मागे. हे विचारून थांबणं तिला अजून जड जातं, हात पाठीमागे बांधून उभी राहते अक्षरशः. दोन आठवड्यांनी बघितलं तर बूट घालताना पण त्याला विचारत होती, हवीये का मदत, आणि तो थाटात 'नको' म्हणून उलटे बूट घालून निघाला. नवऱ्याने मला खूण केली, राहू दे. पाच मिनिटांनी स्वतःच येऊन तिच्यासमोर पाय पुढे केला.

स्टिकरचा तक्ता मात्र डबा उघडल्या उघडल्या फेकून द्या, हे अगदी मनापासून सांगते. मदत केली की एक स्टिकर, दहा झाले की बक्षीस. आमच्याकडे तीन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मला दिसलं की मोठी भावाचे ठोकळे हळूच पायाने पाडतेय आणि मग लगबगीने 'थांब हं बाळा, मी उचलून देते' म्हणत माझ्याकडे बघतेय. हसावं की रडावं कळेना. नंतर वाचलं की यावर प्रयोगच झालाय, वॉर्नकेन आणि टोमासेलो यांचा, २००८ चा. वीस महिन्यांची मुलं मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देतात, कुणी न सांगता, पण ज्यांना त्याबद्दल खेळणं बक्षीस मिळालं ती नंतर कमी मदत करायला लागली, ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती करत राहिली. वीस महिन्यांच्या पोरांची ही गत तर साडेसहाची आमची बया ठोकळे पाडणारच की. आता ती काही चांगलं वागली तर मी फक्त काय झालं ते बोलून दाखवते, 'तू ठोकळे उचललेस, तो बघ परत बांधायला बसला', बाकी काही नाही.

वयाचं सांगायचं तर डब्यावर '३ वर्षांपुढील' लिहिलंय ते अर्धंच खरं आहे. बाहुली आणि पट तीनला चालतो, पण प्रसंगांच्या पत्त्यांतले निम्मे प्रश्न 'त्याला काय वाटत असेल' छापाचे, ते धाकट्याच्या डोक्यावरून जातात आणि तो चूक आहे असं अजिबात नाही. मी बाहुली घेऊन सॅली-अ‍ॅनचा प्रयोग करून बघितला, १९८५ चा प्रसिद्ध आहे. बाहुलीने चेंडू उशीखाली ठेवला, बाहुली बाहेर गेली, आम्ही चेंडू काढून टोपलीत टाकला, आता बाहुली आली की कुठे शोधेल? धाकटा ठामपणे म्हणाला, टोपलीत. कारण त्याला माहितीये ना टोपलीत आहे, मग बाहुलीला पण माहितीच असणार. साधारण चार वर्षांच्या आसपास मुलांना उमगतं की समोरच्याच्या डोक्यात वेगळी माहिती असू शकते, त्याआधी बहुतेक मुलं असंच सांगतात. गंमत म्हणजे याचा उपयोग मोठीला जास्त झाला. तिला वाटायचं तो मुद्दाम करतो सगळं, लबाड आहे. मग एकदा फोनवर आजी त्याला विचारत होती जेवलास का आणि हा नुसती मान हलवत होता, आजी तिकडून परत परत 'हॅलो, जेवलास का रे' करतेय. एरवी ही खेकसली असती. या वेळी फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, 'आजी, तो मान हलवतोय, त्याला वाटतंय तुला दिसतंय.' मी स्वयंपाकघरात होते, हातातलं काम थांबवून ऐकलं.

बाहुलीबद्दल मला सुरुवातीला वाटलं होतं डबा भरायला टाकलीये. शिवण जरा कच्ची आहे, मानेजवळ उसवली, मी टाके घातले. पण धाकट्याचा जीव तिच्यातच अडकलाय. मिक्सर सुरू झाला की तो तिचे कान झाकतो, कारण मिक्सरला घाबरतो तो स्वतः. २०२० मध्ये कार्डिफ युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ४ ते ८ वर्षांच्या मुलांचं बाहुल्यांशी खेळताना निरीक्षण केलं होतं, तर दुसऱ्यांचा विचार करताना मेंदूचा जो भाग कामाला लागतो तो मुलं बाहुलीशी एकटी खेळत असतानाही जागा होता, टॅब्लेटवर एकटं खेळताना तेवढा नाही. त्या अभ्यासाला पैसे मॅटेलने दिले होते, बार्बीवाल्यांनी, म्हणून मी तेवढ्यावर विसंबत नाही, पण मिक्सरचं मी डोळ्यांनी बघितलंय. आणि मुलाला बाहुली कशाला असं कुणी म्हटलं तर त्यांना 'कंटाळा'चा पत्ता दाखवा. किंवा 'लाज'चा, काही फरक पडत नाही.

एक सांगायचं राहिलं. धाकटा आता बहीण रडली की स्वतःची मळकी चादर आणून तिच्या तोंडावर टाकतो. लहान मुलं बऱ्याचदा स्वतःला ज्याने बरं वाटतं तेच दुसऱ्याला आणून देतात. तिला त्या चादरीचा वास सहन होत नाही. आधी भिरकावून द्यायची, आता दोन बोटांनी धरून मांडीवर ठेवून घेते, नाक मुरडत.

कुणी घ्यावा? रोज पंधरा मिनिटं स्वतः जमिनीवर बसायची तयारी असेल तर घ्या. मुलांच्या हातात देऊन आपण फोन बघू असा विचार असेल तर घेऊ नका, पत्ते सोफ्याखाली जातील आणि बाकी काही होणार नाही. आणि खरं तर बाहुली म्हणून जुना मोजा, फासा कुठलाही, पट कागदावर काढता येतो, चेहरे मुलंच काढतात, म्हणजे डबा न घेताही तीन चतुर्थांश काम होतं. मला आयता हवा होता म्हणून घेतला, पश्चात्ताप नाही.

कोरे पत्ते मात्र चारच दिलेत ही सगळ्यात मोठी तक्रार, कारण सगळ्यात जास्त चालले तेच. पहिल्यावर मोठीने मला काढलंय, हातात फोन, बाजूला ती बोलतेय आणि माझे डोळे खाली. खाली प्रश्न तिच्या अक्षरात, 'हीला कसं वाटतं?' ही म्हणजे कोण, तू का मी, असं विचारलं तर म्हणाली तूच ओळख. दुसऱ्यावर आजीचा चष्मा, तिसऱ्यावर धाकट्याने गोल गोल काहीतरी, तो म्हणतो बाहुलीला भूक लागलीये. चौथ्यावरून सध्या जोरदार भांडण चालू आहे.